पाच बाय सात

विजापूर वेशीत आमचा स्टुडिओ.
एप्रिलात दुपारी दोनला शटरला हात लावून बघा,
फोड येतो.
त्याच वेळी आत, टेबल-फॅनच्या दोन बाजूंना बसून,
अंबादास गुर्रम आणि मल्लिनाथ हत्तुरे
बर्फावरून भांडत असतात.

एक डिझेल मेकॅनिक, पूर्व भागातला.
दुसरा बाळीवेशीतला, आचारी.
चाळीस वर्षांपूर्वी एकाच बोटीतून खाली गेले,
पार खाली, जिथं नकाशा संपतो
आणि शाळेतला पृथ्वीगोल स्क्रूनं बसवलेला असतो.
तळापासून अकरा मैलांवर एक काळा सुळका होता.
नाव नाही. कुणी गेलेलं नाही.
साहेब तापानं पडलेले. वारा दोन दिवस थांबला.
तेवढ्यात हे दोघं गेले,
वेगवेगळे. एकेकटे.

'मी मंगळवारी पोचलो,' हत्तुरे म्हणतात.
'का बे, सूर्य मावळतच नव्हता,
मंगळवार उगवला कुठून तुझा?'

गुर्रमकाकांनी तिथं वडिलांच्या मागाचा धोटा ठेवला.
हत्तुरेकाकांनी कडक भाकरी.
दोघंही शपथेवर सांगतात,
मी गेलो तेव्हा दगडावर काही नव्हतं.
धोटा वाऱ्यानं नेला असेल.
भाकरी तिथल्या पाखरांनी.
'ती भाकरी? पाखराची चोच मोडंल,' गुर्रमकाका म्हणतात,
आणि थोडा वेळ भांडण थांबतं,
कारण हसू दोघांनाही येतं.

यंदा नागरी सत्कार ठरलाय.
शाल दोघांना, पण स्मृतिचिन्हावर ओळ एकच बसते,
'प्रथम' हा शब्द घालून.
समितीच्या बिराजदारांनी मला सांगितलं,
तुझ्याकडं दोघांचे फोटो आहेत, मोठे कर,
घड्याळ दिसतंय का बघ, काही तरी बघ.

अब्बांच्या पत्र्याच्या डब्यातून मी निगेटिव्ह काढल्या.
व्हिनेगरसारखा वास.
दिव्यासमोर धरल्या की बर्फ काळा, माणूस पांढरा.
गुर्रमकाका, हात वर, दात दिसतायत.
हत्तुरेकाका, तोच दगड, कमरेवर हात.
घड्याळ दोघांच्याही हातमोज्यात.
पण खालच्या कडेला,
दोन्हीत,
एक सावली.
कानपट्ट्यांची टोपी. दोन कोपरं बाहेर काढलेली,
डोळ्याला कॅमेरा लावल्यावर निघतात तशी.

अब्बांनी तेव्हा दोन्ही वेळा खालची पट्टी कापली होती.
मला आठवतंय त्यांचं म्हणणं,
सावली आली की गिऱ्हाईक कुरकुरतं.

मी विचारलं, 'काका, एकटे होतात ना?'
'एकटाच.'
'मग काढला कुणी?'

फॅन एकदा तिकडं वळला, एकदा इकडं.
'होता एक पोरगा,' गुर्रमकाका म्हणाले.
'वायरलेसवाल्यांचा हमाल. सामान वाहायचा.
त्याला वाट ठाऊक होती.'
हत्तुरेकाका बशीतला चहा बघत होते.
'माझ्यासंगंही तोच होता.
शेवटच्या चढाला मागं थांबला.
म्हणाला, जावा पुढं, इथं अजून कुणी आलं नाही.'

गुर्रमकाकांनी कप खाली ठेवला.
'मलाही हेच म्हणाला.'

मग नाव काय त्याचं, यावर सुरू झालं.
एक म्हणे इनास, एक म्हणे लॉरेन्स,
कारवारचा होता, नाही, मालवणचा,
डावा डोळा तिरपा होता,
तुझाच तिरपा आहे बे.
संध्याकाळपर्यंत चाललं.
लाइट गेली तरी चाललं.

सत्कारासाठी मी दोन्ही फोटो छापले,
पाच बाय सात, पट्टी न कापता.
दोघांनाही आवडले नाहीत.
हत्तुरेकाका म्हणाले, खाली काळं काय आलंय, काढून टाक.
गुर्रमकाका काही बोलले नाहीत,
पण पाकिटात घालताना
त्यांचा अंगठा बरोबर तिथंच होता.
झाकायला, की धरायला,
मला सांगता येणार नाही.

बिराजदार विचारतायत, कुणाचं नाव घालू.
उद्या सांगते म्हटलंय.